मुंबईत व्हेपची विक्री आणि वापर : कायदा कुठवर पोचतो आणि तक्रार कशाने टिकते

प्रश्न दादरमधल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या उपप्राचार्यांचा आहे. महाविद्यालयाशेजारच्या टपरीवर आणि मोबाइलच्या दुकानात व्हेप, म्हणजे बॅटरीवर वाफ करणारी इलेक्ट्रॉनिक सिगारेट, मिळते; अकरावी-बारावीची मुले ते प्रसाधनगृहात आणि समोरच्या सोसायटीच्या जिन्यात ओढतात. पोलीस ठाण्यात विचारले तर ‘ओढण्यावर गुन्हा नाही’ असे उत्तर मिळाले. हे खरे का? तक्रार कशी द्यावी म्हणजे ती कागदावरच राहणार नाही? आणि बंदी अशीच धाब्यावर बसवली जाणार असेल, तर दारूसारखा परवाना आणि वयाची अट लावून विकू देणे जास्त बरे नाही का?

पोलिसांनी सांगितले ते अर्धे बरोबर आहे. इलेक्ट्रॉनिक सिगारेटवरची बंदी केंद्राच्या अध्यादेशाने १८ सप्टेंबर २०१९ रोजी आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने त्याचा कायदा केला आणि तो अध्यादेशाच्या तारखेपासूनच लागू धरला. कलम ४ खाली उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात हे सगळे गुन्हे आहेत. कलम ५ खाली साठवणूक येते. या यादीत ‘ओढणे’ नाही. त्यामुळे जिन्यात वाफ सोडणाऱ्या मुलावर या कायद्याने खटला उभा राहत नाही. ते व्हेप त्याच्या हातात ज्या वाटेने आले, त्या वाटेवरचा प्रत्येक जण मात्र गुन्हेगार ठरतो: दुकानदार, पुरवठादार, पार्सल नेणारा, इन्स्टाग्रामवर फोटो टाकून ‘डीएम करा’ लिहिणारा. तुमची सगळी ताकद तिकडेच लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

जवळ बाळगण्याबद्दल गोंधळ आहे, तो समजून घ्या. कोणत्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात बाळगणे हे उल्लंघनच, अशी भूमिका केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घेतलेली आहे. पण कलम ५ चे शब्द जागेचा मालक, भोगवटादार किंवा ताबेदार यांनी ‘साठा’ ठेवण्यासाठी जागा जाणूनबुजून वापरू देण्याबद्दल आहेत. खिशातल्या एका नगाला साठा म्हणणे न्यायालयात जड जाते. गोदामातल्या चारशे नगांबद्दल असा वाद होत नाही.

आयातीचे तसे नाही. तिथे ‘स्वतःपुरते’ अशी सूट नाही. दुबईहून किंवा बँकॉकहून येताना बॅगेत एक व्हेप आणले तरी ती आयातच, आणि सहार विमानतळावर सीमाशुल्क विभाग ते जप्त करू शकतो. पालकसभेत हे जरूर सांगा. घरातल्या पहिल्या व्हेपची वाट बऱ्याचदा परदेश दौऱ्यातून आलेल्या भेटीची असते.

आता व्याख्या. सगळ्या पळवाटा तिथूनच काढायचा प्रयत्न होतो. एखादा पदार्थ तापवून श्वासावाटे ओढण्यासाठी एरोसोल, म्हणजे बोलीभाषेतली वाफ, तयार करणारे कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण या कायद्यात येते. निकोटिन असो वा नसो, फ्लेवर असो वा नसो, नाव आणि आकार काहीही असो. तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणे आणि ई-हुक्काही त्यातच. वगळलेली आहेत ती फक्त औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली परवाना असलेली उत्पादने. म्हणून ‘साहेब, यात निकोटिन नाही, नुसता फ्लेवर आहे’ किंवा ‘हे हर्बल आहे’ हा बचावच नव्हे. कलम ४ मध्ये ‘संपूर्ण वस्तू किंवा तिचा कोणताही भाग’ असे शब्द असल्यामुळे रिकामा पॉड (द्रवाची बदलता येणारी कुपी), सुटी कॉइल (आतली तापणारी तार), टाकी हेही विकता येत नाही.

निकोटिनच्या पुड्या, ज्या ओठाखाली ठेवतात, त्या मात्र या व्याख्येत बसत नाहीत, कारण त्यात तापवणे नाही आणि वाफही नाही. तक्रारीत त्या व्हेपसोबत एकत्र लिहू नका. त्यांचा अर्ज वेगळा द्या, नाहीतर मूळ तक्रार पातळ होते.

धूम्रपानबंदीचे नियम जिन्यातल्या वाफेला लागतात का? २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात धूम्रपान म्हणजे तंबाखूचे धूम्रपान, असे म्हटले आहे. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला २०० रुपयांपर्यंतचा दंड आहे, तो त्याच व्याख्येवर टेकलेला आहे. तंबाखूची कांडी तापवणाऱ्या उपकरणाला तो लावता येईल असा युक्तिवाद करता येतो. निकोटिनच्या द्रवावर चालणाऱ्या व्हेपला तो लावणे कच्चे आहे. ही खरी पोकळी आहे आणि ती सध्या नियमावलीनेच भरावी लागते. महाविद्यालयाने आपल्या शिस्तीच्या नियमांत, सोसायटीने सर्वसाधारण सभेच्या ठरावात ‘धूम्रपान’ एवढेच न लिहिता ‘ई-सिगारेट, व्हेप, पॉड, ई-हुक्का किंवा वाफ निर्माण करणारे तत्सम उपकरण’ असे लिहावे, आणि जिना, लिफ्ट, गच्ची, वाहनतळ, प्रसाधनगृह यांची नावे घालावीत. ‘सामाईक जागा’ एवढ्यावर भागवले की पुढचा वाद गच्ची सामाईक आहे की नाही यावरच होतो.

शिक्षेचे आकडे असे. कलम ४ चा पहिला गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा किंवा पुढे: तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ४ चा गुन्हा कायद्यानेच दखलपात्र केला आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता पोलीस तो नोंदवून तपास करू शकतात. साठवणुकीला तसे म्हटलेले नाही. यातून एक व्यवहारी गोष्ट निघते: गोदामावर छापा पडला आणि फिर्यादीत फक्त साठवणूक लिहिली, तर प्रकरण सुरुवातीलाच लंगडे होते. चारशे नग, तीस फ्लेवर, पार्सलचे लेबल आणि वजनकाटा एकाच खोलीत सापडले, तर ती विक्री आणि वितरणाची तयारी आहे. त्या खोलीतून पूर्वी झालेली विक्री पैशांच्या नोंदींवरून दाखवून कलम ४ लावले पाहिजे.

तक्रारीकडे वळू. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे एका पानाचा अर्ज पुरतो, पण त्यात वर्णन नेमके हवे. ‘परिसरात व्हेप विकले जाते’ यावर कोणीच काही करू शकत नाही. टपरीची जागा (कोणत्या फाटकापासून किती पावलांवर, कोणत्या बाजूला), विक्रीची वेळ (बहुधा दुपारची सुट्टी आणि संध्याकाळी क्लास सुटताना), माल कुठून काढून देतात (गल्ल्याखालून, स्कूटरच्या डिकीतून, शेजारच्या दुकानातून), नगाचे वर्णन, खोक्यावरचे नाव, किंमत, पैसे कोणत्या क्यूआर कोडवर गेले, एवढे लिहा. रस्त्यावरून काढलेला फोटो चालतो. दुकानात शिरून लपूनछपून चित्रीकरण करायला मुलांना सांगू नका. पुरावा मिळवण्यासाठी विद्यार्थ्याला गिऱ्हाईक म्हणून तर कधीच पाठवू नका. बनावट गिऱ्हाईक पाठवायचे ते पोलिसांनी, सज्ञान व्यक्तीला, पंचांसमोर नोटांचे क्रमांक लिहून.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. प्रत परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना आणि मुंबई पोलिसांच्या समाजसेवा शाखेला पाठवा. टपरी शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत असेल आणि तिथे सिगारेट-तंबाखूही विकत असतील, तर २००३ च्या कायद्याच्या कलम ६ चा उल्लेख त्याच अर्जात करा. ती बाब सिद्ध करायला सोपी आहे आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयाला विनापरवाना टपरीवर कारवाई करायला आधार मिळतो. व्हेपची झडती-जप्ती मात्र महापालिकेच्या हातात आपोआप येत नाही. कायद्यातला प्राधिकृत अधिकारी म्हणजे उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा पोलीस अधिकारी, अथवा शासनाने अधिसूचनेने नेमलेला तेवढ्याच दर्जाचा अधिकारी. महापालिकेच्या विभाग कार्यालयात अर्ज देऊन ‘व्हेप जप्त करा’ म्हटल्यास तो फिरत राहतो, याचे कारण हेच.

दखलपात्र गुन्हा असूनही नोंद झाली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे वरिष्ठांकडे लेखी तक्रार आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज हा रस्ता आहे. बहुतेक वेळा तिथवर जावे लागत नाही. उपायुक्तांच्या कार्यालयाचा आवक क्रमांक दिसला की ठाण्यातली फाइल हलते.

एक पत्र टपरीच्या किंवा दुकानाच्या जागामालकाला द्या, आणि फ्लॅटमधून ‘डिलिव्हरी’ चालत असल्याचा संशय असेल तर फ्लॅटमालकालाही, पोचपावतीसह. कलम ५ मध्ये ‘जाणूनबुजून’ हा शब्द आहे. लेखी कळवल्यानंतर ‘मला माहीतच नव्हते’ हे म्हणणे संपते. भाडेकरूला बाहेर काढायला मालकाला यासारखे निमित्त नसते, आणि अनेक ठिकाणी पोलिसांच्या आधी मालकच दुकान बंद करवतो. लिव्ह अँड लायसन्स करारात ई-सिगारेटच्या साठवणुकीवर करार रद्द करण्याचे कलम घालायला सोसायट्यांनी आता सुरुवात करावी.

कारवाई झाल्यावर प्रकरणे कुठे गळतात, हे तुम्हाला माहीत असावे, कारण पंच म्हणून तुमच्याच कर्मचाऱ्यांना बोलावतील. पहिली गळती जप्ती करणाऱ्याच्या दर्जाची. हवालदाराने माल उचलला आणि उपनिरीक्षक नंतर आले, तर बचावपक्ष तिथेच बोट ठेवतो. अधिकारी सुरुवातीपासून हजर हवा आणि तसे पंचनाम्यात यायला हवे. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण संहितेच्या कलम १०५ प्रमाणे करावेच लागते. चित्रीकरण आत शिरण्यापूर्वी सुरू व्हावे आणि सील लागेपर्यंत थांबू नये.

दुसरी गळती वर्णनाची, आणि ही सर्वात जास्त नुकसान करते. पंचनाम्यात ‘निकोटिनयुक्त सिगारेट ४० नग’ असे लिहिले जाते. मग कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या अहवालात एखाद्या नमुन्यात निकोटिन आढळले नाही, की अख्खी फिर्याद डळमळते. वास्तविक कायद्याला निकोटिनची गरजच नाही. सिद्ध करायचे ते एवढेच की हे उपकरण पदार्थ तापवून ओढण्यासाठी वाफ करते. म्हणून पंचनाम्यात भाग लिहावेत: ओढण्याची तोटी, तळाचे हवेचे छिद्र, आतील बॅटरी, चार्जिंगचे छिद्र, दिवा, द्रवाची टाकी. प्रत्येक नाव आणि फ्लेवरनिहाय नग मोजावेत, खोक्यावरचे मिलिलिटर, निकोटिनचे प्रमाण, बॅच क्रमांक, मूळ देश आणि उत्पादनाची तारीख उतरवून घ्यावी. प्रयोगशाळेला ‘निकोटिन आहे का’ एवढाच प्रश्न न विचारता ‘हे उपकरण द्रव तापवून एरोसोल तयार करते का, द्रवात काय आहे आणि किती’ असे विचारावे. प्रत्येक प्रकारातले किमान दोन नमुने वेगळे सीलबंद करावेत, एक तपासणीला, एक न्यायालयासाठी.

उत्पादनाच्या तारखेला मी एवढे महत्त्व का देतो? ‘हा बंदीपूर्वीचा उरलेला माल आहे’ अशी सबब अजूनही दिली जाते. १८ सप्टेंबर २०१९ नंतरची तारीख खोक्यावर असेल, तर त्या नगाला भारतात कायदेशीरपणे येण्याची वाटच नव्हती. त्याआधीची तारीख असली तरी तो साठा यादीसह प्राधिकृत अधिकाऱ्याकडे जमा करणे तेव्हाच बंधनकारक होते. दोन्हीकडून सबब संपते. नवा आणि परदेशी माल मोठ्या संख्येने सापडला, तर प्रकरण सीमाशुल्क विभागाला कळवलेच पाहिजे. सीमाशुल्क कायदा, १९६२ खाली माल सरकारजमा होतो आणि दंडाचे गणित मालाच्या किमतीशी बांधलेले असते. टपरीवाल्याच्या वरच्या घाऊक विक्रेत्याला एक लाखाचा दंड हा धंद्याचा खर्च वाटतो, हा नुसत्या २०१९ च्या कायद्याचा कमकुवतपणा आहे. कंटेनरने येणारा माल न्हावा शेवा बंदरात वेगळ्याच नावाने जाहीर होऊन सुटू शकतो, म्हणून खोक्यावरचा बॅच क्रमांक उलट दिशेने माग काढायला उपयोगी पडतो.

तिसरी गळती मोबाइलची. आजची विक्री व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम, टेलिग्राम आणि घरपोच पार्सलवर चालते, टपरी हे तिचे शेवटचे टोक आहे. नुसता स्क्रीनशॉट न्यायालयात टिकत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र हवे, त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणारा संगणकीय ठसा, हवे. तुम्ही स्वतः जाहिरात पाहिली असेल, तर पानाचा पूर्ण पत्ता, खातेनाव, तारीख आणि वेळ टिपून ठेवा. नावे बदलतात, पण खात्याचा दुवा आणि पैसे घेणारा क्रमांक यांवरून माग लागतो. सीसीटीव्हीचे चित्रण बहुतेक दुकानांत काही आठवड्यांत त्यावरच पुन्हा चित्रण होऊन पुसले जाते. ते मागण्याचे पत्र पहिल्याच दिवशी जायला हवे.

हॉटेल, कॅफे आणि बारची बाब निराळी. कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ रोजी आग लागून १४ जण गेले, त्यानंतर महाराष्ट्राने २०१८ मध्ये २००३ च्या कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. त्यात किमान एक आणि कमाल तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते एक लाख दंड आहे. हर्बल हुक्का देऊ द्या म्हणून एक उपाहारगृह मुंबई उच्च न्यायालयात गेले होते, त्याला एप्रिल २०२३ मध्ये नकार मिळाला. उपाहारगृहाच्या परवान्यात हुक्का येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. निखाऱ्याचा हुक्का असेल तर राज्याची दुरुस्ती, विजेवर चालणारा असेल तर २०१९ चा कायदा, आणि दोन्ही बाबतींत महापालिकेच्या परवान्याच्या अटींचा भंग. तक्रारीत कोणता हुक्का ते स्पष्ट लिहा.

मुलांचे काय करायचे, हा तुमच्यासाठी खरा अवघड भाग. ओढणाऱ्या मुलाला पोलीस ठाण्यात उभे करू नका. कायद्याने तो आरोपी नाही आणि भीतीने तो माल कुठून आणतो हे कधीच सांगणार नाही. उपकरण काढून घ्या, नोंदवहीत तारीख, वर्णन आणि दोन शिक्षकांच्या सह्या घाला, पालकांना त्याच दिवशी बोलवा. उपकरण पाकिटात सीलबंद करून तक्रारीसोबत द्यायचे. त्यात गांजाचा किंवा तत्सम द्रव असल्याचा संशय असेल तर अमली पदार्थांचा कायदा लागतो, अशा वेळी ते उघडू नका, हुंगू नका, तसेच पोलिसांना बोलावून द्या.

मुलाला व्यसन कितपत लागले आहे हे समजून घ्यायला आतल्या द्रवाची कल्पना हवी. द्रव म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, त्यात निकोटिन आणि फ्लेवर. बॅटरीवर तापणारी धातूची बारीक तार, म्हणजे कॉइल, कापसाच्या वातीतला द्रव उडवते. वात कोरडी पडली की तापमान चढते आणि फॉर्माल्डिहाइड, अॅक्रोलिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. तारेतून निकेल, क्रोमियमचे कणही उतरतात. जुन्या उपकरणांत जास्त निकोटिन घातले की घसा जळायचा, त्यामुळे प्रमाणाला आपोआप आळा बसे. आता निकोटिनमध्ये बेंझॉइक आम्लासारखे आम्ल मिसळून त्याचा क्षार करतात, त्याने घशाची जळजळ जवळपास जाते. म्हणून सोळा वर्षांचे मूल, ज्याने कधी सिगारेट ओढलेली नाही, ते ५ टक्क्यांचा, म्हणजे मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमचा द्रव सहज ओढते. हजारो पफ लिहिलेल्या नगात १० मिलिलिटर द्रव धरला, तरी आत ५०० मिलिग्रॅम निकोटिन झाले. एका सिगारेटमधून शरीरात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम जाते. नगातले सगळे निकोटिन शरीरात उतरत नाही, पण सिगारेट संपते तशी याची खूण नसते. मूल तासातासाला दोन-दोन झुरके घेत राहते आणि पहाटे जाग आल्यावरही हात तिकडे जातो. चिडचिड, एकाग्रता न होणे, तासाला बाहेर जाण्याची घाई ही लक्षणे त्याचीच.

अशा मुलाला ‘उद्यापासून बंद’ म्हणून चालत नाही. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ निःशुल्क आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात तंबाखूमुक्तीचा सल्ला मिळतो. दोन मिलिग्रॅमपर्यंतचे निकोटिनचे च्युइंगम दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, पण अठराखालच्या मुलाला ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

जप्त केलेले नग कार्यालयाच्या कपाटात कागदांजवळ ठेवू नका, हे कळकळीने सांगतो. प्रत्येकात लिथियमची बॅटरी आहे. स्वस्त नगात हवेच्या दाबाने चालू होणारा संवेदक असतो, तो दबल्यास किंवा ओलावा गेल्यास कॉइल आपोआप तापत राहू शकते. तोटीवर चिकटपट्टी लावावी, कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात, उन्हापासून आणि कागदांपासून दूर ठेवावे, चार्ज करून पाहू नये. गळती झालेला द्रव हातमोज्याशिवाय पुसू नये, निकोटिन त्वचेतून शोषले जाते. लहान मुलाने तो गिळल्यास काही मिलिलिटरही जिवावर बेतू शकतात, तेव्हा उलटी करवत न बसता थेट रुग्णालय गाठावे. फुगलेली बॅटरी पेटली तर लोकांना बाहेर काढून १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे, धूर घेऊ नये. कचऱ्याच्या पेटीत टाकलेला नग कचरागाडीत दाबला गेला की पेटतो. न्यायालयाच्या परवानगीनंतर विल्हेवाट ई-कचरा आणि बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्चक्रणकाराकडूनच व्हावी. पोलीस ठाण्यांनी मुद्देमाल वर्षानुवर्षे साठवू नये, संहितेच्या कलम ४९७ मध्ये यादी, छायाचित्रे आणि त्वरित विल्हेवाटीची सोय आहे. छायाचित्रे आणि नमुने ठेवून बाकी माल नष्ट करण्याचा अर्ज लगेच करता येतो. उघड्यावर जाळून ‘नष्ट केला’ म्हणणे धोक्याचे आणि बेकायदेशीर आहे.

शेवटचा प्रश्न, परवाना देऊन विकावे का? हा प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवा, कारण बंदीचीही किंमत आहे. बंदी असलेल्या मालावर कोणाचेच नियंत्रण नसते. ब्रिटनमध्ये विक्री कायदेशीर आहे आणि तिथे निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, टाकी दोन मिलिलिटरपेक्षा मोठी नसते, मुलांना उघडता येणार नाही असे झाकण लागते. आपल्या टपरीवरच्या नगात त्याच्या अडीचपट तीव्रता आणि कित्येक पट द्रव असतो. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपमुळे फुप्फुसे निकामी होण्याची साथ आली, २,८०० हून अधिक लोक रुग्णालयात दाखल झाले आणि त्यामागे मुख्यतः गांजाच्या द्रवात मिसळलेले व्हिटॅमिन ई अॅसिटेट निघाले. चोरट्या बाजारातल्या द्रवात काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

तरीही मुंबईसाठी माझे उत्तर बंदीच्या बाजूचे आहे, आणि कारण टपरीवर रोज दिसते. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट आणि बिडीची विक्री बंद केली. आज कोणत्याही नाक्यावर सुटी सिगारेट मिळते. अठराखालच्या मुलाला तंबाखू विकू नये हा नियम २००३ पासून आहे, फलकही लावलेला असतो. ‘विका, पण या अटींवर’ हा कायदा पाळला जातो की नाही हे तपासायला प्रत्येक विक्रीच्या वेळी कोणीतरी उभे असावे लागते, तेवढी माणसे कोणत्याच खात्याकडे नाहीत. पूर्ण बंदीत वस्तू दुकानात दिसली की गुन्हा झाला, वय विचारावे लागत नाही. ब्रिटनलाही मुलांच्या हातातले एकदाच वापरायचे नग १ जून २०२५ पासून बंद करावे लागले.

दुसरे कारण आपल्या व्यसनाच्या प्रकाराचे. केंद्राच्या २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात तंबाखूचे सेवन करणारे २६.६ टक्के, पण धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के होते. बाकी सगळा खैनी, गुटखा, मिश्री, मावा. ‘सिगारेट सोडायला व्हेप’ हा ब्रिटनमधला युक्तिवाद इथे फार थोड्यांना लागू पडतो, आणि नवीन गिऱ्हाईक मात्र कधीच न ओढणाऱ्या मुलांतून येते. ज्यांना खरोखर सोडायचे आहे, त्यांच्यासाठी च्युइंगम, पॅच आणि औषधे परवान्यासह उपलब्ध आहेत.

उद्या केंद्राने नियमनाचा विचार केलाच, तर किमान अटी अशा हव्यात: विक्री फक्त औषधाच्या दुकानात, २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा, तंबाखूखेरीज फ्लेवर नाही, एकदाच वापरायचा नग नाही, प्रत्येक नगावर माग काढता येणारा क्रमांक आणि रिकामे उपकरण परत आणल्याशिवाय नवे नाही. यातली एकही अट आजच्या टपरीवर पाळली जाणार नाही. तोवर २०१९ च्या कायद्यातच दोन सुधारणा तातडीने व्हाव्यात. साठवणूक दखलपात्र करावी. आणि दंड मालाच्या किमतीशी जोडावा. मुलाच्या खिशातला एक नग गुन्हा करावा, अशी मागणीही होते. तिला माझा ठाम विरोध आहे, कारण तसे झाले तर सगळी कारवाई सोप्या शिकारीकडे, म्हणजे मुलांकडे वळेल आणि गोदाम तसेच राहील.

तुमच्यासाठी या आठवड्याचे काम एवढेच: नियमावलीतला शब्दबदल, टपरीबद्दलचा आवक क्रमांक असलेला अर्ज आणि जागामालकाला पत्र. अर्जाला पंधरा दिवसांत उत्तर नाही आले, तर उपायुक्तांकडे आवक क्रमांक नमूद करून स्मरणपत्र द्या आणि त्या पंधरा दिवसांत विक्री चालू राहिल्याच्या तारखा-वेळा त्यात जोडा.